हलव्याचे दागिने गळतात, चिकटतात, काटा धरत नाहीत : कारणे आणि उपाय

नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण असो किंवा बाळाचे पहिले बोरन्हाण, नाशिकमधील अनेक घरांत डिसेंबर सरता सरता हलव्याच्या दागिन्यांची तयारी सुरू होते आणि जवळजवळ दरवर्षी त्याच तक्रारी नव्याने ऐकू येतात. हार गळ्यात घालताच त्यातील दाणे गळू लागतात, बांगड्या मनगटाला चिकटतात, आठवडाभर आधी करून ठेवलेला मुकुट डब्यातून काढला तर पिवळा पडलेला असतो, आणि घरी केलेला हलवा चार दिवस खपूनही गुळगुळीतच राहिलेला असतो. यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे गोंद बदलण्याचा. पुढच्या वर्षी गोंद बदलला जातो आणि दागिना पुन्हा गळतो, कारण बरेचदा बिघाड गोंदाच्या कितीतरी आधी, पाकात, परातीखालच्या आचेत किंवा हलवा वाळवण्यात झालेला असतो आणि तो फक्त उघड होतो दागिना अंगावर चढल्यानंतर.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गळून पडलेला एक दाणा उचलून उलटा करून पाहावा आणि तो जिथून सुटला ती जागाही नीट न्याहाळावी. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि ती न करता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

गळालेला दाणा काय सांगतो

दाण्याच्या तळाशी साधारणपणे तीनपैकी एक खूण आढळते. पहिली खूण अशी की दाण्याचा तळ खरवडल्यासारखा दिसतो आणि पुठ्ठ्यावर, तो बसला होता त्या ठिकाणी, गोंदाला साखरेचा पातळ पापुद्रा चिकटून राहिलेला असतो. याचा अर्थ गोंदाने आपले काम चोख केले आहे. हलव्याचा वरचा थरच खालच्या थराला धरून राहिलेला नाही. अशा हलव्याला बाजारातील कितीही भारी गोंद लावला तरी तो गळणारच. दुसरी खूण म्हणजे दाण्याबरोबर गोंदाचा अख्खा टिपका निघून आलेला असतो आणि खालची जागा स्वच्छ, चकचकीत असते. येथे दोष ज्या पट्टीवर किंवा कागदावर हलवा चिकटवला त्या पृष्ठभागाचा आहे. तिसऱ्या प्रकारात दाण्याच्या तळाशी ओलसर खळगा पडलेला असतो किंवा गोंद मधोमध तुटून दोन्हीकडे थोडा थोडा राहिलेला असतो. गोंद जास्त लागला, अथवा तो पुरता वाळण्याआधी दागिना उचलला गेला, असा त्याचा अर्थ.

घरी केलेल्या हलव्यात माझ्या पाहण्यात पहिली खूण सर्वांत जास्त वेळा येते, आणि विकतच्या हलव्यात दुसरी. त्यामुळे ज्यांनी हलवा घरी केला आहे त्यांनी पुढील भाग सावकाश वाचावा. ज्यांनी तो बाजारातून आणला आहे त्यांनी दागिना बांधण्याच्या भागावर थेट गेले तरी हरकत नाही.

काटा का येत नाही

हलव्याचा दाणा म्हणजे तीळ, खसखस, साबुदाणा किंवा खरबुजाची बी यांवर एकावर एक चढवलेले साखरेचे पुष्कळ पातळ थर. परातीत चमचाभर पाक पडला की तो सगळ्या दाण्यांच्या अंगाला लागतो, आचेने त्यातील पाणी उडते आणि उरलेली साखर आधीच्या साखरेवर स्फटिकरूपाने बसते. दाण्याच्या पृष्ठभागावर कुठेतरी किंचित उंचवटा असतोच. परात आणि शेजारचे ओले दाणे प्रथम त्या उंचवट्याला टेकतात, त्याला पाक जास्त मिळतो, तो वाळतोही लवकर, आणि प्रत्येक चमच्यागणिक तो थोडा थोडा वाढत जाऊन त्याचा काटा होतो. जपानमध्ये कोनपेइतो नावाची काटेरी साखरगोळी मिळते. तीही कलत्या, तापलेल्या, फिरत्या भांड्यात पातळ पाक थोडा थोडा सोडून याच रीतीने केली जाते आणि तिला एक ते दोन आठवडे लागतात. यंत्राच्या मदतीने करणाऱ्यांना इतका काळ लागत असेल, तर रविवारच्या एका दुपारी परात मांडून संध्याकाळपर्यंत काटेरी हलवा होण्याची अपेक्षा ठेवणे गैर आहे. घरच्या परातीत अर्धी वाटी तिळासाठी रोज तीन-चार तास याप्रमाणे तीन ते पाच दिवस धरावेत.

काटा वाढण्याची ही रीत लक्षात घेतली की तो कशामुळे अडतो हेही कळते. एका वेळी पाक जास्त घातला तर तो उंचवटे आणि खळगे दोन्ही सारखेच भरून टाकतो आणि दाणा गुळगुळीत होतो. आधीचा चमचा पुरता वाळण्यापूर्वी दुसरा घातला तरी तेच होते. अर्धी वाटी बियांना सुरुवातीला चहाचा एक चमचा पाक पुरेसा आहे, आणि तो वाळला की नाही हे डोळ्यांपेक्षा कानांना आधी समजते : ओला हलवा परातीत मुकाट सरकतो आणि वाळू लागला की खडखडतो. खडखड ऐकू आल्याखेरीज पुढचा चमचा घालू नये. हलवा आकाराने वाढत जाईल तसे पाकाचे माप थोडे वाढवता येते, घाई मात्र वाढवता येत नाही.

हलवा गुळगुळीत झालाच असेल तर तो टाकून देण्याचे कारण नाही. तो एक रात्र पातळ कापडाखाली उघड्यावर वाळू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या चमच्याच्या मापाने पुन्हा सुरुवात करावी. दाणे मोठे होतील आणि नाजूक कामाला चालणार नाहीत, पण त्यांना काटा येतो, आणि हाराच्या पदकाला किंवा कंबरपट्ट्याला असे टपोरे दाणे शोभतातही.

आलेला काटा झडतो तेव्हा

हा प्रकार काटा न येण्यापेक्षा अधिक फसवा आहे, कारण परातीत हलवा सुंदर दिसतो आणि दागिन्यावर चढल्यावर पिठासारखा सुटतो. वर सांगितलेली पहिली खूण यातूनच उद्भवते. याची कारणे दोन आहेत : घट्ट पाक आणि मोठी आच.

पाकाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. साधारण २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळलेली राहू शकते. पाणी उकळते असेल तर हे प्रमाण ४८० ग्रॅमच्या पुढे जाते. दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी घेऊन, साखर विरघळल्यावर केवळ दोन-चार उकळ्या आणल्या तर परातीच्या कोमट आचेवर जेमतेम विरघळलेला राहील इतपतच पाक होतो, आणि दाण्यावर पसरून थोडे पाणी उडताच त्यातील साखर हळूहळू, आधीच्या थराला घट्ट धरून बसते. पाक एकतारी होईपर्यंत आटवला की त्यात साखरेचे प्रमाण फार वाढते. असा पाक त्याच्यापेक्षा गार असलेल्या परातीला टेकताच, दाण्यावर नीट पसरण्यापूर्वीच, आपल्याआपण दाणेदार होतो आणि त्याचा भुगा दाण्यांवर नुसता भुरभुरतो. म्हणून हलव्याचा पाक एकतारीच्या अलीकडे थांबवावा. अंगठा आणि तर्जनी यांत धरल्यावर तो चिकट लागावा, पण तार ओढली जाऊ नये. लाडू-वड्यांचा पाक करण्यात ज्यांचा हात बसलेला असतो, नेमक्या त्याच गृहिणींकडून येथे पाक पुढे जातो, कारण त्यांच्या बोटांना तार तपासण्याची सवय असते.

पाक उकळताना त्यात चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढावी आणि पाक स्वच्छ फडक्यातून गाळावा, म्हणजे हलवा पांढराशुभ्र होतो. लिंबू मात्र पिळू नये. गुलाबजामच्या पाकात लिंबाचे दोन थेंब घालतात ते साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. आम्ल आणि उष्णता यांमुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटतो आणि स्फटिक धरणे लांबते. हलव्याला तर स्फटिकच हवे असतात. शिवाय या फुटलेल्या साखरेला हवेतील ओल ओढून घेण्याची खोड असते, त्यामुळे लिंबू घातलेला हलवा आधी काटा धरत नाही आणि पुढे चिकटही होतो. गुळाच्या पाकाचा हलवा टिकायला अवघड जातो तोही यामुळेच. तो खाण्यासाठी करावा, दागिन्यांसाठी नको.

परातीतला हलवा सारखा ओला करत असताना वाटीतील पाक गार होऊन तळाशी साखर धरू लागतो. तेव्हा तो पुन्हा पुन्हा उकळण्याऐवजी त्यात चमचाभर पाणी घालून गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवावी. दिवसभर उकळलेला पाक हळूहळू पिवळट होतो आणि त्याची साखरही काही अंशी फुटते. त्या त्या दिवसाचा पाक त्या त्या दिवशी, थोडा थोडा करणे हे सर्वांत उत्तम.

आता आच. पूर्वी शेगडीतील निखाऱ्यांवर राख पसरून त्यावर परात ठेवत आणि ती व्यवस्था अतिशय योग्य होती, कारण राखेमुळे उष्णता मंद आणि सगळीकडे सारखी पोहोचे. गॅसच्या शेगडीवर तशी आच मिळवायची तर सर्वांत लहान बर्नर सर्वांत कमी ठेवून त्यावर जाड तवा आणि तव्यावर कल्हईची पितळी किंवा जाड बुडाची परात ठेवावी. पातळ स्टीलची परात मध्यभागी तापते आणि कडेला गार राहते. मधल्या दाण्यांची साखर करपते आणि कडेचे दाणे ओलेच राहून एकमेकांना चिकटतात. आच योग्य आहे की नाही हे ओळखण्यासाठी तळहात परातीत टेकवून पाहावा. हात सुखाने टेकवून ठेवता येत नसेल तर परात खाली उतरवून दोन मिनिटे थांबावे.

हलवा फिरवताना बोटे हलकी ठेवावीत, परातीच्या तळाशी दाबून घासू नयेत. कितीही काळजी घेतली तरी थोडा भुगा पडतोच, आणि तो परातीतच राहू दिला तर पुढच्या पाकाबरोबर दाण्यांना चिकटून खोटा काटा तयार करतो. दर चार-पाच चमच्यांनंतर हलवा पिठाच्या चाळणीने चाळून भुगा बाजूला काढावा. चहात घालायला तो उत्तम असतो. ज्या हलव्याचा काटा आधीच झडू लागला आहे तो एका जाड पंचात घेऊन हलकेच चोळावा, म्हणजे सैल थर सगळा निघून जाईल, आणि उरलेल्या टणक दाण्यांवर पातळ पाकाने पुन्हा काम सुरू करावे. यात दोन दिवसांची मेहनत जाते हे खरे, पण हे आधी परातीत केलेले बरे.

बियांची निवडही या त्रासाचे एक कारण असू शकते. शेंगदाण्यासारख्या तेलकट गाभ्यावर पहिले थर धरत नाहीत आणि नंतर अख्खे कवच सुटते. त्यांना आधी डिंकाच्या पातळ पाण्याचा हात देऊन वाळवून घ्यावे. तीळ फार भाजले तर त्यांनाही तेल सुटते, म्हणून ते केवळ कोमट होईपर्यंत परतावेत. नवख्यांनी साबुदाण्यापासून सुरुवात करावी, कारण तो गोल, कोरडा आणि एकसारखा असतो. फक्त त्याचे पीठ चाळून काढावे.

नाशिकच्या थंडीविषयी

हलवा पहाटेच्या थंडीत करावा, असे घरोघरी सांगितले जाते. या सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. काट्याला कोरडी हवा लागते, आणि थंड हवा कोरडी असतेच असे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये जानेवारीत चांगलीच थंडी पडते, जिल्ह्यातील निफाडचा घसरलेला पारा तर दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. परंतु त्याच पहाटे गोदावरीच्या काठाने, पंचवटीपासून गंगापूर रोडपर्यंत, धुके आणि दवही असते. दव पडते त्या हवेत पाणी काठोकाठ भरलेले असते आणि अशा हवेत पाक वाळायला दुप्पट वेळ लागतो. तीच हवा ऊन वर आल्यावर झपाट्याने कोरडी होते. म्हणून आपल्याकडे सकाळी अकरापासून दुपारी चार-पाचपर्यंतचा वेळ परातीजवळ बसायला अधिक चांगला. ज्या वर्षी जानेवारीत ढगाळ हवा येते आणि द्राक्षबागाईतदार अवकाळी पावसाच्या धास्तीने आकाशाकडे पाहू लागतात, त्या दिवसांत हलव्याचे काम सरळ बंद ठेवावे आणि झालेला हलवा डब्यात घालावा.

फ्लॅटमधील स्वयंपाकघराची एक वेगळी अडचण असते. शेजारच्या बर्नरवर कुकर चालू असेल, भात उकळत असेल किंवा न्हाणीघरातील गरम पाण्याची वाफ आत येत असेल, तर बाहेर कडकडीत ऊन असूनही ओट्याजवळची हवा दमटच राहते. स्वयंपाक आणि हलवा एकाच वेळी करू नये.

हलवा चिकट होतो, पिवळा पडतो

शुद्ध साखर सहजासहजी ओल धरत नाही. खोलीच्या तापमानाला हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचल्यावरच ती पाणी ओढून विरघळू लागते. तेव्हा स्वच्छ साखरेचा, नीट वाळलेला हलवा एरवीच्या नाशिकच्या हिवाळ्यात चिकट व्हायला नको. तो होतो याचा अर्थ त्याच्या पाकात लिंबू, गूळ, मध किंवा द्रवरूप खाद्यरंग गेला आहे, तो आतून ओला असताना डब्यात बंद केला गेला आहे, किंवा तो फ्रिजमध्ये ठेवला होता. फ्रिज हे यातील सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. गार दागिना बाहेर काढताच खोलीतील वाफ त्यावर थेंबांच्या रूपाने जमते आणि काट्यांची टोके तासाभरात बोथट होतात. हलव्याचा दागिना कधीही फ्रिजमध्ये ठेवू नये.

रंगीत हलवा हवा असेल तर भुकटीचा रंग किंवा केशर शेवटच्या काही चमच्यांच्या पाकातच विरघळवावे, सुरुवातीपासून नाही. पिवळेपणा सर्व दाण्यांवर सारखा असेल तर तो जुन्या पाकाचा, आणि ठिपक्याठिपक्यांनी असेल तर करपल्याचा समजावा. दोन्हींवर नंतर उपाय नाही, मात्र असे दाणे वेगळे काढून बाजूबंदाच्या आतल्या बाजूला खपवता येतात. तांबूस डाग तारेलगतच दिसत असतील तर तो गंज आहे. बांधकामाची किंवा कुंडीला बांधायची लोखंडी तार दागिन्यांत वापरू नये. मुलामा दिलेली दागिन्यांची तार मेन रोड आणि भद्रकालीच्या बाजारात मिळते.

दागिना बांधताना

विकत आणलेला हलवा पिशवीतून थेट दागिन्यावर जाऊ नये. तो आधी चाळावा, कोमट परातीत पाच-सात मिनिटे फिरवून गार होऊ द्यावा आणि आकाराप्रमाणे निवडून घ्यावा. दाण्यांवर बसलेला साखरेचा बारीक भुगा गोंदाला दाण्यापर्यंत पोहोचूच देत नाही, आणि अनेक दागिने केवळ एवढ्यासाठी गळतात.

दुसऱ्या खुणेच्या बाबतीत, म्हणजे गोंदाचा टिपका चकचकीत पट्टीवरून अख्खा सुटतो तेव्हा, पट्टी बदलणे हाच खरा उपाय आहे. सोनेरी जिलेटीन कागद आणि प्लॅस्टिकची जर दिसायला छान असतात, पण त्यांवर गोंद पकड घेत नाही. त्याऐवजी पुठ्ठ्यावर सुती कापड किंवा बकरम (शिवणकामातले ताठ अस्तर) चिकटवून त्यावर हलवा लावावा आणि सोनेरी जर फक्त कडेला शिवावी. चकचकीत पट्टी वापरणे भागच असेल तर हलवा लागणार ती जागा बारीक पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावी.

गोंदापैकी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यात केलेला असतो. तो जाड लावला तर त्यातील पाणी दाण्याचा तळ विरघळवते, दाणा घसरतो आणि तिसरी खूण उमटते. पट्टीवर गोंदाचा पातळ हात देऊन दोन-तीन मिनिटे थांबावे, तो चिकट झाल्यावर दाणे टेकवावेत आणि दागिना रात्रभर सपाट जागी, न उचलता ठेवावा. ग्लू गनचा, म्हणजे वितळवून सोडायचा, गोंद पाण्याचा नसल्यामुळे साखर विरघळत नाही, पण थंडीच्या दिवसांत तो नळीतून बाहेर पडताच घट्ट होतो आणि काट्यांमध्ये शिरत नाही. तेव्हा एका वेळी चार-पाच दाण्यांपुरताच गोंद सोडावा आणि दाणा लगेच दाबावा. ग्लू गनचा गोंद ताठ असतो. त्यामुळे मुकुट, कर्णफुले, पदक, नवऱ्या मुलाच्या हातातील नारळ आणि घड्याळ अशा न वाकणाऱ्या वस्तूंसाठी तो ठीक आहे. हार, बांगड्या, कंबरपट्टा आणि मंगळसूत्र यांना मात्र दर हालचालीला पीळ बसतो आणि ताठ गोंदाचे टिपके एकामागून एक उडतात.

लवचीक दागिन्यांसाठी जुनी पद्धतच अधिक टिकाऊ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुहेरी दोऱ्याचा फास करून त्यात हलव्याचा एकेक दाणा अडकवायचा आणि गाठ आवळायची. काट्यांमुळे दोरा घसरत नाही, आणि दागिना कितीही वाकला तरी दाणा दोऱ्याबरोबर वाकतो. काटेरी हलव्याचा खरा उपयोग येथे कळतो. दोरा रेशमी घेतला तर तो निसटतो, म्हणून साधा सुती शिवणाचा दोरा घ्यावा, आणि गाठ मारताना इतकीच ओढ द्यावी की दोरा काट्यांच्या मुळाशी बसेल. त्याहून अधिक ओढले तर दाणा चिरतो. एका हाराला एक संध्याकाळ सहज लागते, परंतु घरातील सगळ्याजणी आणि मुलेही या कामाला बसू शकतात. ग्लू गनच्या बाबतीत तसे करता येत नाही.

अंगावर आणि डब्यात

हळदीकुंकू आणि बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करतात. रथसप्तमी चंद्राच्या तिथीप्रमाणे येते आणि संक्रांत सूर्याच्या गतीप्रमाणे, त्यामुळे या दोन्हींमधील अंतर दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये संक्रांत १४ जानेवारीला आणि रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे मध्ये तीन आठवडे होते. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीला असल्याने हे अंतर अकरा दिवसांवर आले. हळदीकुंकू किंवा बोरन्हाण नेमके कोणत्या दिवशी आहे हे पंचांगात पाहून, दागिना किती दिवस टिकवायचा ते आधीच ठरवावे.

गळ्याला आणि मनगटाला लागणाऱ्या प्रत्येक दागिन्याला मागून सुती अस्तर लावावे. समारंभ घरात, माणसांच्या गर्दीत होतो, अंगावर जड रेशमी वस्त्र असते, आणि मानेचा घाम हलव्याच्या तळाशी पोहोचला की वरून कोरडा दिसणारा हार मागून सुटतो. नवीन काळ्या साडीचा किंवा चंद्रकळेचा रंग घामाने जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी तपासावे. पांढऱ्या हलव्यावर उतरलेला काळा रंग निघत नाही.

समारंभ संपल्यावर दागिने तासभर पंख्याखाली मोकळे ठेवून मगच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात, एकमेकांना न टेकतील असे, बटर पेपरच्या घड्यांमध्ये ठेवावेत आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाकावी. मुंग्यांसाठी डब्याभोवती खडूची रेघ पुरत नाही. डबा पाण्याच्या ताटात ठेवणेही योग्य नाही, कारण त्याने आजूबाजूला ओलच वाढते. झाकण घट्ट असणे पुरेसे आहे.

बोरन्हाणासाठी दागिने करताना

लहान मुलांच्या दागिन्यांना टाचणी, स्टेपलर आणि तार वर्ज्य मानावी आणि सर्व बांधणी दोऱ्याने करावी. मुकुट हनुवटीखाली दोरीने बांधू नये. मागच्या बाजूला रुंद इलॅस्टिक लावले तर तो सरकतही नाही आणि काचतही नाही. काटेरी हलवा बाळाच्या कोवळ्या कातडीला ओरखडतो, तेव्हा दागिना नेहमी झबल्याच्या किंवा कुर्त्याच्या वरून घालावा. गोंद लावलेला हलवा कोणीच खाऊ नये. बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे यांबरोबर टाकायचा हलवा वेगळ्या वाटीत, स्वच्छ ठेवावा. तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या हाती लागलेली प्रत्येक गोष्ट तोंडात जाते, आणि हलव्याचा टणक दाणा, हरभरा किंवा बोराची बी घशात अडकू शकते; म्हणून बाळाच्या शेजारी बसलेल्या एका मोठ्या माणसाकडे फोटो किंवा ओवाळणी यांपैकी काहीही न सोपवता फक्त बाळाचे हात पाहण्याचे काम द्यावे.

समारंभाच्या दिवशीची दुरुस्ती

ऐन वेळी दाणे गळू लागले तर पांढरा गोंद हाती घेऊ नये, कारण तो वाळायला वेळ लागतो आणि आजूबाजूचे बसलेले दाणेही सैल करतो. मुकुट, पदक अशा ताठ वस्तूंवर ग्लू गनचा एक टिपका पुरतो. मात्र दागिना अंगावरून उतरवून, टेबलावर ठेवूनच तो लावावा, कारण हा गोंद त्वचेवर पडला तर भाजते. हार किंवा बांगडी असेल तर सुई-दोरा घेऊन सुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे धड दाणे फासात घेऊन ती पोकळी मिटवावी, नवीन दाणा बसवण्याच्या नादी लागू नये. यासाठी एका लहान डबीत पांढरा दोरा ओवलेली सुई, कात्री आणि प्रत्येक आकाराचे मूठभर निवडलेले हलव्याचे दाणे आदल्या रात्रीच तयार ठेवावेत, आणि ती डबी हळदीकुंकवाच्या ताटापासून दूर ठेवावी, नाहीतर पाहुण्यांच्या हातावर तिळगुळाबरोबर तोच हलवा जातो.